पाळण्यातलं नाव

आमच्या पालघरच्या इमारतीत बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी बोईसरच्या कारखान्यात, नाहीतर तारापूरच्या वीजकेंद्रात कामाला असतं. त्यामुळे 'तुम्ही काय करता?' या प्रश्नाला इथं एका शब्दाचं उत्तर चालतं. लॅब. मेंटेनन्स. पॅकिंग. मला तसं उत्तर कधी देता आलं नाही. "पुस्तकांचं संपादन करते," म्हटलं की समोरचा म्हणायचा, "म्हणजे शुद्धलेखन तपासता!" आता निवृत्त झाल्यावर खुलासा करायला हरकत नाही. शुद्धलेखन तपासत होते, पण ते सगळ्यात शेवटी. त्याआधीचं काम म्हणजे लेखकाला जे लिहायचं होतं आणि जे कागदावर उतरलं, त्या दोहोंमधलं अंतर त्याला न दुखावता दाखवून देणं. न दुखावता हे दर वेळी जमलंच असं नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या प्रकाशकांनी एक माला काढली. जुनी, गाजलेली मराठी नाटकं घ्यायची आणि त्यांच्या आजच्या काळातल्या कादंबऱ्या करायच्या. माणसांमधला पेच नाटकातलाच; गाव, धंदा, बोलणं आजचं. मालेची जबाबदारी माझ्याकडे होती. हस्तलिखितं ईमेलनं घरी यायची. मी ती छापून घ्यायची आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसायची.

बाहेरून हे सोपं वाटतं. गोष्ट तयार आहे, संवाद तयार आहेत, मधे थोडी वर्णनं घातली की झालं. निम्म्या लेखकांचा हाच समज असायचा. पण नाटकात माणूस विंगेतून येतो आणि विंगेत जातो. तिथं आत तो काय करतो, कुणी विचारत नाही. कादंबरीत विचारतात. राणीनं दोन अंक अन्न सोडलं तर प्रेक्षक टाळ्या वाजवतात. कादंबरीत तिच्या घरी डबा कोण करत होतं ते सांगावं लागतं. पडदा ही नाटककाराची मोठी सोय आहे. तो पडला की कुणी 'उद्या सकाळी काय?' असं विचारत नाही.

एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी जुन्या विनोदी नाटकाची कादंबरी केली होती. पदांवर त्यांचा इतका जीव की एकही गाळवेना. त्यामुळे त्यांचा नायक गृहकर्जाचा अर्ज भरता भरता खिडकीपाशी गाऊ लागायचा आणि रांगेतली माणसं ऐकत उभी राहायची. मी म्हटलं, "साहेब, कुणी ओरडत नाही का त्याला?" ते गंभीरपणे म्हणाले, "आमच्या शाखेत लोक समजूतदार होते." दुसऱ्या एका बाईंनी निवडलेल्या नाटकात खांबाआड लपून ऐकण्याचा प्रवेश होता. कादंबरी विरारच्या एका खोलीच्या घरात घडत होती. खांब आणायचा कुठून? त्यांनी फ्रिज घेतला. तो नायक बिचारा आठ पानं फ्रिजच्या मागे उभा होता.

अशी हस्तलिखितं परत पाठवताना मी हसत असे. मीनलचं हस्तलिखित वाचताना मात्र मी हसले नाही.

मीनल केळव्याजवळच्या एका वाडीतली मुलगी. बोईसरच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत केमिस्ट. तिनं निवडलेलं नाटक आता कुणी करत नाही, त्यामुळे नाव सांगूनही ओळख पटणार नाही. गोष्ट अशी: एक राजा विजयाचं महाद्वार उभारत असतो. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी कमान कोसळते आणि एक तरुण पाथरवट तिच्याखाली सापडून मरतो. मुहूर्त बिघडू नये म्हणून दरबारात सांगतात, इथं कुणी मेलंच नाही. मग त्याची आई महाद्वारासमोर येऊन बसते. राजा गाव इनाम देऊ करतो, ती घेत नाही. तिचं मागणं एकच: भर दरबारात माझ्या मुलाचं नाव घ्या. शेवटच्या अंकात राजा मुकुट उतरवून अनवाणी येतो, तिच्यापुढे वाकतो आणि ते नाव उच्चारतो. पडदा.

मीनलनं महाद्वाराच्या जागी कारखान्याचं नवं युनिट घेतलं होतं आणि पाथरवटाच्या जागी कंत्राटी कामगार. कंपनी म्हणते, तो आमचा माणूसच नव्हता. आई कंपनीच्या गेटसमोर बसते. पहिल्याच पानावर ती तिथं बसलेली आहे, नाटकासारखीच. भाषा घट्ट होती. गेटसमोरची चहाची टपरी, शिफ्टच्या बसमधून उतरणारी आणि तिच्याकडे न बघता आत जाणारी पोरं, दुपारी हवेत पसरणारा औषधी उग्र वास, सगळं खरं होतं. आई पदराच्या टोकाशी एक शर्टाचं बटण बांधून ठेवते. त्या बटणापाशी मी थांबले. तीस वर्षं हस्तलिखितं वाचल्यावर एवढं कळतं की काही गोष्टी कल्पनेतून येत नाहीत.

मी फोन केला. "मीनल, हे बटण कुणाचं?"

ती म्हणाली, "सुमनमावशीच्या धाकट्याचं. आमच्या शेजारचं घर. ताई, मी तेव्हा तिथंच होते. त्याला घरी आणलं तेव्हा."

"मावशींना ठाऊक आहे, तू हे लिहिलंयस?"

"नाही."

"मग आधी त्यांना विचारायला हवं. मी येते तुझ्याबरोबर."

कायद्यानं गरज नव्हती. नावं बदललेली होती, पहिल्या पानावर 'एका जुन्या नाटकावरून' असं छापायचं होतं. पण दुसऱ्याच्या मुलाचं मरण छापायचं तर त्या घरची परवानगी हवी, एवढा एक नियम मी पाळत आले होते. त्यापायी एक चांगलं पुस्तक पूर्वी हातचं गेलंही होतं.

सुमनमावशींचं घर वाडीच्या आत, सुपारीच्या झाडांत. नवरा पूर्वीच गेलेला. थोरला हरेश बोईसरला कामाला. मावशी ओटीवर बसून विड्याची पानं निवडत होत्या. मोठी एकीकडे, बारीक एकीकडे, डागाळलेली खाली. मीनलनं माझी ओळख करून दिली आणि कसंबसं सांगून टाकलं की तिनं लिहिलंय, मावशीच्या मुलासारख्या एका मुलावर.

मावशींचे हात थांबले नाहीत. "मना वाचता येतं," त्या म्हणाल्या, "पण डोळं साथ देत नाय. तू वाच. मी आयकते."

त्यानंतर काही शनिवार आम्ही जात राहिलो. मीनल वाचायची, मी पेन्सिल घेऊन शेजारी बसायची. मावशी पानं निवडता निवडता ऐकायच्या. मधे फारसं बोलायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "चाय टपरीवाला चांगला दावलायस." एकदा आई गेटवर ओरडते तिथं म्हणाल्या, "मी वरडली नव्हती. पण वरडायला पायजे होतं. ऱ्हाऊ दे." बटणाचा प्रसंग आला तेव्हा त्या उठल्या आणि वाडीत निघून गेल्या. मीनल रडायला लागली. आता हे इथंच संपलं, असं मला वाटलं. मावशी परत आल्या, हात धुतलेले होते. पाटावर बसल्या. "वाच."

शेवटचं प्रकरण ऐकून झालं. त्यात कंपनीचा मालक गाडीतून उतरतो, गेटसमोर हात जोडतो आणि मुलाचं नाव घेतो. मीनलनं कागद मिटले. मी वाट बघत होते.

"असा कोण आला नाय," मावशी म्हणाल्या.

"नाटकात राजा येतो, मावशी," मीनल म्हणाली. "म्हणून मी..."

"नाटकात येव दे. आमच्याकडं राजेश आला होता." राजेश म्हणजे बिहारकडचा एक मुलगा, त्यांच्या धाकट्याबरोबर काम करणारा. त्याला कुणीतरी येऊ नको म्हणून सांगितलं होतं, तरी तो आला. "दारात उबा ऱ्हायला. मना म्हनला, 'अम्मा, हम दोनों साथ में खाते थे.' आनि माज्या पोराचं नाव घेऊन रडला. सगळ्यांसमोर. त्याचं लिव ना."

मीनल लिहून घेऊ लागली. मावशींनी तिचा हात धरला. "अजून एक. तुज्या पुस्तकात माजा पोर येतो तो मेलेलाच येतो. पैल्या पानाला मेलेला हाय. तो माज्या घरात इतकी वर्सं होता, हसला, भांडला, पोहायला गेला, त्यातलं कायच नाय?"

मीनलनं माझ्याकडे बघितलं. नाटक नेमकं तिथूनच सुरू होतं, आई दारात बसल्यापासून. तीच त्याची ताकद, असं मी स्वतः प्रकाशकांना लिहून कळवलेलं होतं. मुलगा जिवंत असतानाचा भाग आधी घातला तर कादंबरी सैल पडण्याची भीती होती. परत येताना रिक्षात मीनलला एवढंच म्हटलं, "लिहून बघ. सैल वाटलं तर मी सांगेन."

पण खरी अडचण त्याआधीच, मावशींच्या दारात उभी राहिली होती. आम्ही उठत होतो तेवढ्यात हरेश शिफ्टवरून आला. कंपनीचा निळा शर्ट, हातात डबा. त्यानं शेवटचं बोलणं ऐकलं होतं. पायरीवर बसून बूट काढता काढता तो म्हणाला, "ताई, हे छापू नका."

"नावं बदलली आहेत," मी म्हटलं.

"कंपनीत वाचनारे हायेत. एक कळला की सगळं कळतं. मी त्याच कंपनीत हाय, आनि पर्मनंट हाय. भाऊ गेला तेवा कोन बोलला का? मी तरी बोललो का? माजं लगीन व्हायचंय, हिला सांबाळायचंय." त्यानं आईकडे बघितलं नाही. "मना काय वाईट वाटत नाय असं समजू नका."

तो दुष्ट नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण कादंबरी असती तर त्याला दुष्ट करण्याचा मोह झाला असता. तो घाबरलेला होता आणि त्याचं घाबरणं रास्त होतं.

मावशींनी त्याच्या हातातला डबा घेतला. मग म्हणाल्या, "नाव नको ना त्याचं? नको. पन दुसऱ्या कुनाचं तरी नाव माज्या पोराला लावू नका. मना आयकवनार नाय."

तिथंच सगळं अडलं. ज्या नाटकात आई केवळ मुलाचं नाव मागते, त्याच्या कादंबरीत मुलाचं नाव घालायची सोय नव्हती. मीनलनं आधी एक साधं, इथं सर्रास आढळणारं नाव घातलं होतं. वाचताना ते नाव आलं की मावशी किंचित मान फिरवायच्या, ते मला आठवलं. मी म्हटलं, नाव नकोच, 'मुलगा' म्हणू. मीनल म्हणाली, "मग कंपनीत आणि आपल्यात फरक काय, ताई?" ते बरोबर होतं. त्या दिवशी आम्ही नावाचं काही न ठरवता निघालो. मीनलनं हस्तलिखित मागे घ्यायचं मनाशी ठरवलं होतं, असं तिनं मला नंतर सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मावशींनीच बोलावलं. हरेशची सुट्टी होती, तोही ओटीवर होता. मावशींनी चहा दिला, मग पदरानं हात पुसले.

"बारशाला आमच्यात पाळन्यातलं येगळं नाव ठेवतात," त्या म्हणाल्या. "नक्षत्रावरचं. कानात सांगतात. ते कुनी हाक मारायला वापरत नाय. शाळेत नाय, कंपनीत नाय. त्याच्या आत्यानं ठेवलेलं, ती बी गेली. मना एकटीला म्हायत हाय. ते घाल."

"कोन्तं?" हरेशनं विचारलं.

मावशींनी ते नाव घेतलं. मोठ्यानं नाही, पण स्वच्छ.

हरेश आईकडे बघत राहिला. भावाबरोबर एका घरात वाढला, एकाच ताटात जेवला, त्याचं हे नाव तो पहिल्यांदा ऐकत होता. त्यानं ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग त्यानं चेहरा दोन्ही हातांत झाकला. मावशी उठून त्याच्याजवळ जाऊन बसल्या. मीनलनं आणि मी चहाच्या कपांकडे बघत राहण्याशिवाय काही केलं नाही. थोड्या वेळानं हरेश म्हणाला, "हे चालंल. हे कोनालाच कळनार नाय."

ते नाव मी इथं लिहीत नाही. ते कादंबरीत आहे.

मीनलनं वर्षभर पुन्हा लिहिलं. कंपनीचं उत्पादन बदललं, गाव किनाऱ्यावरून आत नेलं, पानवेलीच्या जागी भातशेती आणली. सुरुवातीला नवा भाग आला. मुलगा त्यात तळ्यात पोहतो, भावाचा शर्ट न विचारता घालून जातो, आईशी मोबाइलवरून भांडतो, पहिल्या पगाराची मिठाई आणतो आणि रस्त्यातच निम्मी खातो. तो भाग सैल नव्हता. पुढचं सगळं त्यानं जड झालं. आई गेटसमोर बसली की आता वाचणाऱ्याला तो मुलगा माहीत असायचा. मी कळवलं, एक ओळही काढू नकोस. नंतर राहवलं नाही म्हणून दोन ओळी काढल्या.

मग प्रकाशकांशी झुंज. ते भले गृहस्थ, पण जुन्या नाटकांचे निस्सीम भक्त. फोनवर म्हणाले, "बाई, राजा वाकत नाही? अहो, तो प्रवेश बघायला माणसं लांबून यायची! तोच काढला तर हे त्या नाटकाचं रूपांतर कसलं?"

मी म्हटलं, "नाटककारानं तरी तो प्रवेश कशाला लिहिला असेल? त्यांच्या काळात राजे वाकत होते का?"

"नव्हते."

"म्हणजे जे घडत नव्हतं ते त्यांनी रंगमंचावर घडवलं. रंगमंचावर ते शोभतं. दिवे असतात, पेटी-तबला असतो, समोर लोक असतात. आमच्याकडे रात्री उशाशी एकटा वाचणारा माणूस आहे. त्याला राजा आला नाही हे ठाऊक असतं. नाव घेतलं गेलं पाहिजे, एवढं नाटकाचं मागणं आहे. ते आम्ही पाळलंय. घेणारा बदललाय."

"विक्री होणार नाही," म्हणाले. मग म्हणाले, "बरं. छापू."

माझ्या सगळ्या नोकरीत मी कुठल्या शेवटावर एवढी मेहनत घेतली नाही. राजेशसारखा तो मुलगा दारात येतो, त्या एका पानाचे आम्ही किती खर्डे केले असतील. तो रडतो का, किती रडतो, नाव आधी घेतो की 'अम्मा' आधी म्हणतो. छापून आल्यावर ते पान मी पुन्हा वाचलं आणि मला त्यात काही बदलावंसं वाटलं नाही. असं फार क्वचित होतं.

विक्री प्रकाशकांनी म्हटल्याप्रमाणेच झाली. एक-दोन चांगली परीक्षणं आली, एकात 'मूळ नाटकाच्या भव्यतेला मुकलेली' असंही होतं. बोईसरच्या कंपनीत कुणाला काही कळलं नाही. हरेशची नोकरी टिकली. मीनल आता दुसरं काही लिहिते आहे, नाटकावरून नाही. मी निवृत्त झाले.

मावशींना पुस्तक आम्ही दोघींनी नेऊन दिलं होतं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, मुखपृष्ठावर तळहात ठेवला आणि आत नेऊन ठेवलं. नवा शेवट त्यांनी ऐकावा अशी माझी फार इच्छा होती. तो त्यांनीच सुचवलेला होता. पण त्या दिवशी घरात पाहुणे होते. वाचायचं राहून गेलं.

यंदा उन्हाळ्यात बहिणीची मुलं आली म्हणून केळव्याला गेले होते. बाजारात हरेश भेटला, बायकोबरोबर. लग्न झालंय. मावशी बऱ्या आहेत म्हणाला. मी विचारलं, पुस्तक वाचून दाखवलं का त्यांना?

"दाकवतो ना. सुट्टीच्या दिवशी. तीच सांगते, आन म्हनून."

"शेवट आवडला त्यांना?"

तो जरा घुटमळला. बायको पुढच्या टोपल्यापाशी नारळ वाजवून बघत होती. "शेवटापर्यंत गेलोच नाय कदी," तो म्हणाला. "तो पैला भाग हाय ना, पोहायचा, मिठाईचा, तेवडाच वाचायला लावते. परत परत. तो सकाळी डबा घेऊन कामाला निगतो, ते पान आलं की म्हनते, बस."

"आणि पुढचं?"

"दर टायमाला इचारतो, आये, पुडं वाचू का. म्हनते, आज नको. आज तो घरात हाय."